"लांब मारा, उंच माणूस पकडेल": एवढीच का फॉरवर्ड लाइन?

सांगलीकर_टायगर:
परवा नेव्हीब्लू_नानांनी आपल्या फूटीतल्या (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) फॉरवर्ड लाइनबद्दल, म्हणजे गोल करायला पुढे असणाऱ्या सहा जणांबद्दल, लिहिलं होतं, "फूटीत फॉरवर्ड लाइनची रचनाबिचना हे सगळं टीव्हीवाल्यांचं खूळ आहे. दोन धिप्पाड गडी गोलसमोर उभे करा आणि लांब किक मारा. बाकीचे चार जण नुसती भरती." दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

नाना, २०१७ ची ग्रँड फायनल आठवा. ॲडलेडकडे टेलर वॉकर, जॉश जेंकिन्स आणि त्यांच्या पायाशी एडी बेट्स. हंगामभर त्यांनी गोलांचा पाऊस पाडला होता. आमच्या रिचमंडकडे खरा उंच फॉरवर्ड एकच, जॅक रीवोल्ट. भोवती डॅनियल रिओली, बटलर, कास्टान्या अशी चपळ पोरं. आम्ही ४८ पॉइंटांनी जिंकलो आणि ॲडलेडला अख्ख्या सामन्यात ६० पॉइंट मिळाले. भरतीची माणसं असं करत नाहीत.

रीवोल्टने प्रत्येक बॉल पकडावा अशी अपेक्षाच नव्हती. त्याच्यावर दोन-तीन बचाववाले चढायचे. त्याला मार्क (किकवरून आलेला बॉल हवेतच पकडणं) मिळाला नाही तर त्यांनाही मिळू द्यायचा नाही, बॉल खाली पाडायचा. खाली पडला की पोरं तुटून पडायची. डिफेंडरने उचलला तर टॅकल, घाईत कसातरी मारला तर तो पुन्हा आमच्याच ताब्यात. मी सांगलीत नऊ वर्षं कबड्डी खेळलो. चढाईचा गडी आत आला की त्याला मध्यरेषेला शिवू द्यायचं नाही, सगळी साखळी त्यासाठी. इथे चढाईला आलेला गडी म्हणजे बॉल. गोलपासून पन्नास मीटरच्या आत आला की बाहेर जाऊ द्यायचा नाही. ही रचना नाही तर काय आहे?

नेव्हीब्लू_नाना:
कबड्डी छान. आता पुढच्या वर्षाचं सांगा. २०१८ ला प्रिलिममध्ये, म्हणजे फायनलच्या आदल्या फेरीत, कॉलिंगवूडचा मेसन कॉक्स, २११ सेंटिमीटरचा गडी, तुमच्या बचावाच्या डोक्यावरून मार्क घेत होता आणि तुमची चपळ पोरं खालून बघत होती. हरलात. मग काय केलंत? गोल्ड कोस्टहून टॉम लिंच आणलात, उंची दोन मीटरला एक सेंटिमीटर कमी. त्यानंतर २०१९ आणि २०२०, दोन फ्लॅग (अजिंक्यपदं). एका उंच माणसावर भागत होतं तर दुसरा कशाला आणला? याचं उत्तर द्या, मग रचना शिकवा. मी १९९६ पासून मेलबर्नमध्ये आहे, मैदानात जाऊन सामने पाहतो.

हॉक_इन_बॉक्सहिल:
नाना, १९९६ चा दाखला तुम्हीच दिलात म्हणून. त्याच वर्षी नॉर्थ मेलबर्नने फ्लॅग जिंकला, १९९९ ला पुन्हा. त्यांचा कोच डेनिस पेगन, त्याची चाल काय होती? बाकीचे फॉरवर्ड वर मिडफिल्डकडे पळवायचे, अर्धं मैदान मोकळं करायचं आणि त्या मोकळ्या रानात वेन केरी एकटा सोडायचा. लोक त्याला पेगनचं कुरण म्हणायचे. केरी थोर होताच, पण त्याला रान मोकळं करून देणारे बाकीचे होते. तीच तुमची 'भरती'.

दुसरं, आमच्या हॉथॉर्नचं. २००८ ला लान्स फ्रँकलिनने ११३ गोल केले. त्यानंतर हंगामात शंभरी कोणी गाठलेली नाही. तोच फ्रँकलिन २०१३ नंतर सिडनीला गेला. लोक म्हणाले, संपला हॉथॉर्न. २०१४ च्या फायनलला समोर तोच सिडनी, तोच फ्रँकलिन. आम्ही ६३ पॉइंटांनी जिंकलो. २०१५ लाही जिंकलो, आणि नॉर्म स्मिथ पदक (फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळालं लहान चणीच्या सिरिल रिओलीला.

नेव्हीब्लू_नाना:
आणि जॅरिड रफहेड काय बुटका होता? २०१३ चं कोलमन पदक (हंगामात सर्वाधिक गोलांचं) त्याचंच. एक उंच गेला, दुसरा घरात होता. अर्धं सांगू नका.

हॉक_इन_बॉक्सहिल:
बरं, रफहेडचं मान्य. मी त्याचं नाव घ्यायला हवं होतं. पण मग कार्लटनचं पूर्ण तुम्ही सांगा. २०२१ चं कोलमन हॅरी मकेला, २०२२ आणि २०२३ चं चार्ली कर्नोला. लीगमधली सगळ्यात मोठी उंच जोडी तेव्हा तुमच्याकडे होती. फ्लॅग किती? १९९५ नंतर शून्य.

नेव्हीब्लू_नाना:
हे बोलायची गरज नव्हती. २०२२ च्या शेवटच्या सामन्यात एका पॉइंटने हरून आम्ही फायनल्सबाहेर, म्हणजे बाद फेरीबाहेर, गेलो. त्या दिवशी मी आणि माझी मुलगी पार्किंगमध्ये अर्धा तास गाडी सुरू न करता बसलो होतो. तुमच्यासाठी तो मुद्दा असेल, आमच्यासाठी नाही. आणि चूक कर्नोची नव्हती. मिडफिल्डकडून येणारा बॉल डोळे मिटून मारलेला असायचा. तो धावायचा एकीकडे, बॉल पडायचा दुसरीकडे, तीन डिफेंडरांच्या मध्ये. अशाने देव उभा केला तरी काय होणार?

सांगलीकर_टायगर:
नाना, मी हेच तर म्हणतोय! कोण कुठे धावणार, कोण डिफेंडरला ओढून नेणार, बॉल कुठल्या मोकळ्या जागेत पडणार, हे ठरलेलं असणं म्हणजे रचना. "लांब मारा" हे परवा तुम्हीच लिहिलं होतं.

वेरिबीची_आई:
मध्येच बोलते, राग मानू नका. कोपऱ्यातल्या पोरांना नानांनी 'भरती' म्हटलं ते मला लागलं. माझा धाकटा अंडर-टेनमध्ये खेळतो. आमचं घराणं साताऱ्याचं, उंचीने सगळे बेताचे. दर रविवारी त्याला फॉरवर्ड पॉकेटमध्ये, म्हणजे गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात, उभं करतात. दुसरा हंगाम आहे हा. सगळा खेळ मध्यात चालतो आणि हा चिखलात एकटा उभा. मागच्या रविवारी पूर्ण सामन्यात दोनदा बॉलला हात लागला. गाडीत विचारलं, "आई, पॉकेट म्हणजे ज्यांना खेळता येत नाही त्यांची जागा का?" मला उत्तर देता आलं नाही.

आय_टी_ग्लेनवेव्हर्ली:
ताई, हेच आमच्याकडे! आपल्या मुलांना बघितलं की पॉकेट. ठरलेलंच आहे.

गिलाँगकर_माधवी:
'आपली मुलं' असं सरसकट नको. आमचा पुतण्या सहा फूट दोन इंच आहे, रक (वर फेकलेल्या बॉलसाठी उडी मारणारा) खेळतो. आणि माझी मुलगी पॉकेटमध्येच फूटी शिकली. तिला कोणी लपवलं नव्हतं, तिच्या कोचने तिथलं काम शिकवलं होतं.

आय_टी_ग्लेनवेव्हर्ली:
तुमचं नशीब चांगलं. सगळ्यांना तसा कोच मिळत नाही. आम्ही काय कल्पना करून बोलतोय का? शेवटी मुलाला क्लबमधून काढलं, आता क्रिकेट खेळतो.

गिलाँगकर_माधवी:
नशीब नाही, मी दर मंगळवारी ट्रेनिंगला जाऊन उभी राहिले. विचारलं. भांडले. तुम्ही एकदा तरी कोचशी बोललात का? तोही कुणाचा तरी बाबा असतो, पगार घेत नाही. मुलाला काढून घेणं सोपं आहे.

आय_टी_ग्लेनवेव्हर्ली:
सोपं? तो रडत घरी यायचा तेव्हा तुम्ही नव्हता तिथे. मला या विषयावर आता बोलायचं नाही.

सांगलीकर_टायगर:
दोघेही थोडं थांबा. वेरिबीची ताई, त्याला पॉकेटमध्ये ठेवलं ही चूक नाही. तिथे काय करायचं ते सांगितलं नाही, ही चूक आहे. २०२३ ची फायनल त्याला दाखवा. कॉलिंगवूड चार पॉइंटांनी जिंकलं आणि नॉर्म स्मिथ पदक कुणाला? बॉबी हिलला, चार गोल. लहान चणीचा फॉरवर्ड, आणि त्याने त्या दिवशी दुसऱ्याच्या खांद्यावर चढून मार्कसुद्धा घेतला.

आणि हे शिकवा. उंच बॉल येतो तेव्हा पोरं पॅकमध्ये (बॉलखाली उड्या मारणाऱ्यांच्या घोळक्यात) घुसतात किंवा मागे जाऊन उभी राहतात. दोन्ही चूक. डिफेंडर मुठीने बॉल हाणतो तो बहुतेक वेळा पुढच्या बाजूला पडतो. म्हणून पॅकच्या समोर, सरळ रेषेत, चार-पाच पावलं लांब थांबायचं. बॉल हवेत असताना जागचं हलायचं नाही. खाली येऊ लागला की धावत घुसायचं, म्हणजे हातात येतो तेव्हा अंगात वेग असतो. उभ्याने उचलला तर टॅकल होणारच.

गिलाँगकर_माधवी:
अगदी हेच तिच्या कोचने शिकवलं. पण टायगर, तुम्हीही एक मान्य करा. आमच्या २०२२ च्या फायनलचे पहिले दोन गोल टॉम हॉकिन्सचे. मार्क घेऊन नाही. बाउंड्रीवरून आत फेकलेला बॉल रकमन असल्यासारखा थेट हातात घेतला आणि वळून मारला, दोन्ही वेळा. तिथे कुठलं पोर काय करणार होतं? ८१ पॉइंटांनी जिंकलो. हॉकिन्स आणि जेरेमी कॅमेरून दोघे उंच, आणि खाली टायसन स्टेंगल. उंच माणूस फक्त बॉल पाडण्यासाठी असतो हेही खरं नाही.

सांगलीकर_टायगर:
मान्य करायला जड जातंय, पण हॉकिन्सपुढे बोलायला जागा नाही. लिंचचंही नानांचं बरोबर. २०१८ ला आमच्याकडे दुसरा उंच गडी असता तर तो सामना एवढा एकतर्फी झाला नसता. पण २०२५ ची ब्रिस्बेन बघा. उंच गड्यांपैकी जो डॅनिहर आदल्या वर्षीच निवृत्त झाला, हिपवूड दुखापतीने बाहेर. तरी फायनलला तुमच्याच गिलाँगवर ४७ पॉइंटांनी जिंकले आणि लहान चणीच्या चार्ली कॅमेरूनचे चार गोल. ते गोल 'भरती'चे नव्हते.

नेव्हीब्लू_नाना:
'भरती' शब्द मागे घेतो. तो वेरिबीच्या मुलासाठी मागे घेतो, टायगर, तुमच्यासाठी नाही. ताई, मुलाला सांगा, पॉकेट ही बेट्सची जागा होती. कार्लटनमध्ये त्याला मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो ॲडलेडला गेला तेव्हा माझ्या मुलीने आठवडाभर आमचा स्कार्फ घातला नव्हता. पण पॅक व्हायला आधी उंच माणूस वर उडावा लागतो, हे मी सोडणार नाही.

वेरिबीची_आई:
नाना, आभार. काल घरामागे सुरू केलं. नवरा लांबून उंच मारतो, मोठा मुलगा उडी मारून मुठीने हाणतो आणि धाकटा समोर पाच पावलांवर उभा. पहिले सात-आठ बॉल त्याच्या डोक्यावरून कुंपणापलीकडे शेजाऱ्यांकडे गेले. मग अंधार पडेपर्यंत त्याने चौदा उचलले, मोजत होता. मंगळवारी ट्रेनिंगला मी गाडीत बसून राहणार नाही, खाली उतरून कोचशी बोलणार आहे. माधवीताई, तुम्ही पहिल्यांदा नेमकं काय विचारलं होतं, ते मला कळवाल का?