लायब्ररीने घेतलेली मेमरी शेवटी परत करायलाच हवी का?

धागाकर्ता
आमच्या सेवेची व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चाचणी केली की 'स्टिल रीचेबल' (न सोडलेली, पण जिचा पत्ता प्रोग्रामकडे अजून आहे अशी मेमरी) या सदरात बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, असंख्य नोंदी येतात. पहिल्या वापराच्या वेळी एकदाच घेतलेली आणि कधीच न सोडलेली ही मेमरी असते. याच गर्दीत आमची खरी गळती, म्हणजे नको असूनही अडकून राहणारी मेमरी, लपून राहिली: एका यादीत दर विनंतीमागे भर पडत होती, पण यादीचा पॉइंटर (तिचा पत्ता ठेवणारा चल) शाबूत असल्याने तिची गणना 'डेफिनेटली लॉस्ट' (पत्ताच हरवलेली मेमरी) मध्ये झालीच नाही. लायब्ररीने घेतलेले सारे परत करावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) संपताच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सर्व मेमरी परत घेतो, आणि लायब्ररीने उत्साहाने आवरायला जावे तर धोका वाढतो. लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीचे दस्तऐवजच बजावतात की दुसरा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) किंवा प्लगइन (प्रोग्रामला जोडता-काढता येणारा पूरक भाग) ती लायब्ररी वापरत असताना तिचे शेवटचे साफसफाईचे फंक्शन चालवले, तर प्रोग्राम कोसळू शकतो. माझ्या मते वाढत जाते तीच गळती. एकदा १,००० आणि एकदा १०,००० विनंत्या देऊन दोन्ही अहवाल शेजारी ठेवले असते, तर तुमची यादी तेव्हाच उघडी पडली असती.

धागाकर्ता
तुलनेचा मुद्दा मान्य, ती आम्ही करायलाच हवी होती. पण 'एकदाच' हा शब्द प्लगइनच्या बाबतीत टिकत नाही. चालू प्रोसेसमध्ये प्लगइन शंभर वेळा चढवले-उतरवले, तर प्रत्येक वेळी नवी मेमरी घेतली जाते, आणि लायब्ररी उतरताना तिचे स्टॅटिक पॉइंटरही जात असल्याने जुन्या मेमरीचा मागच उरत नाही. इथे कर्नलची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण प्रोसेस संपतच नाही.

प्रतिसाद २
अहवाल कोरा करण्याच्या हट्टाची मला भीती वाटते. २००६ साली डेबियन या लिनक्स वितरणाने व्हॅलग्राइंडच्या तक्रारी थांबवण्यासाठी ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीमधील ओळी काढल्या. त्या तक्रारी गळतीच्या नव्हत्या, आरंभ न केलेल्या (सुरुवातीचे मूल्य न दिलेल्या) मेमरीच्या होत्या. पण २००८ मध्ये उघड झाले की त्यामुळे यादृच्छिकतेचा स्रोत जवळपास प्रोसेस क्रमांकापुरताच उरला होता आणि कूटलेखनाच्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या होत्या. परक्या लायब्ररीच्या नोंदी सप्रेशन फाइलमध्ये (व्हॅलग्राइंडने दुर्लक्ष करायच्या तक्रारींच्या यादीत) टाकाव्यात, त्यासाठी तिच्या कोडला हात लावू नये.

धागाकर्ता
म्हणूनच हे काम मूळ लेखकांनी करावे असे म्हणतो. लिबकर्ल या नेटवर्कवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीमध्ये जितक्या वेळा आरंभ, तितक्याच वेळा समाप्ती करायची असते, त्यामुळे एका प्लगइनने आवरले तरी दुसऱ्याचे काम मोडत नाही. लिबएक्सएमएल२ च्या इशाऱ्याला माझे उत्तर हेच आहे.