मदत हवी आहे: चान्स घेताना रूट कॅनॉल सुरू झालं, आता टेस्ट पॉझिटिव्ह

पाच महिने आम्ही चान्स घेतोय. अकरा दिवसांपूर्वी खालची दाढ अशी ठणकली की रात्रभर गाल धरून बसले. सकाळी डेंटिस्टकडे. खुर्चीत टेकताच विचारलं, "प्रेग्नंट नाही ना?" मी "नाही" म्हणाले. पाळीला नऊ दिवस होते, मला तरी कुठे माहीत होतं! त्या एका "नाही"वर दोन एक्स-रे निघाले, भुलीचं इंजेक्शन झालं, रूट कॅनॉलची पहिली सिटिंगही उरकली. अंगावर शिशाचा एप्रनसुद्धा नव्हता. नंतर पाच दिवस अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) आणि तीन दिवस आयबुप्रोफेन (दुखण्याची गोळी).

पाळी चुकून दोन दिवस झालेत. आज टेस्टवर दुसरी रेघ आली, फिकट, पण आहे. आनंद पाच मिनिटं टिकला, मग ते एक्स-रे आठवले.

पुढची सिटिंग परवा आहे. जाऊ की तीन महिने थांबू? सासूबाई म्हणतात नऊ महिने दातांना हातच लावू नकोस, बाळ तसंही दातातलं कॅल्शियम ओढून घेतं. शिवाय दुसऱ्या बाजूला जुनं चांदीचं फिलिंग आहे, त्यात पारा असतो म्हणे. ते काढून घेऊ का? नवरा म्हणतो उगाच घाबरतेस. त्याची दाढ नाही ना ती.

प्रतिसाद १
अभिनंदन! मी दंतवैद्य आहे. आधी एक्स-रे. झोत जबड्यावर असतो, गर्भाशयापर्यंत पोहोचतो तो नावापुरता. दोन फोटो मिळून ०.०१ मिलिग्रेसुद्धा (मिलिग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) होत नाही, आणि गर्भाला इजा झाल्याचं ५० मिलिग्रेच्या खाली दिसलेलं नाही. एप्रनचं म्हणाल तर अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये तो गरोदर बाईलाही लागत नाही असंच सांगितलंय. तुमच्या तारखांवरून त्या दिवशी गर्भ बहुधा रुजलाही नव्हता.

भुलीचं लिडोकेन आणि अमॉक्सिसिलिन दोन्ही गरोदरपणात सर्रास देतो. आयबुप्रोफेन मात्र आता बंद. झालेल्या तीन दिवसांचा घोर नको, पण गायनॅकना सांगून ठेवा. दुखलंच तर पॅरासिटॅमॉल, तेही विचारून. डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर घेऊ नका.

सिटिंग टाळू नका. दाढेत आत्ता तात्पुरतं सिमेंट आहे, ते काही आठवड्यांच्या बोलीवरच असतं. ते झिरपलं, आत पू झाला, ताप आला, तर बाळाला त्याचा त्रास एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त. जे थांबू शकतं, म्हणजे कॅप, न दुखणारी अक्कलदाढ, ते १४ ते २० आठवड्यांत करतात, कारण तेव्हा मळमळ ओसरलेली असते आणि पोटही आडवं येत नाही.

चांदीचं फिलिंग नीट असेल तर हात लावू नका. कोरून काढतानाच पाऱ्याची वाफ सुटते. नवीन भरायची वेळ आली तर दुसरं मटेरियल मागा. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०२० मध्ये गरोदर आणि चान्स घेणाऱ्या बायकांत नवीन चांदी टाळायला सांगितलंय. आणि सासूबाईंना सांगा, बाळाचं कॅल्शियम आईच्या आहारातून नि हाडांतून जातं, दातांतून नाही.

खरं तर चूक आमच्या लोकांचीच. "प्रेग्नंट नाही ना?" या प्रश्नाला काय उत्तर येणार? शेवटच्या पाळीची तारीख विचारायला हवी.

प्रतिसाद २
माझं रूट कॅनॉल सातव्या आठवड्यात झालं. दुखलं नाही, पण एक्स-रेची ती पट्टी तोंडात धरताना उलटीच झाली. सकाळची वेळ घेऊ नका. आणि उलटी झाली की लगेच ब्रश नको. मी घासायचे, दात शिवशिवायला लागले. उलटीतल्या ॲसिडने वरचं कवच मऊ पडतं, त्यावर ब्रश म्हणजे खरवडणंच. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरायच्या आणि तासाभराने घासायचं.

पुढे हिरड्यांतून रक्त येईल. हार्मोन्समुळे बऱ्याच जणींना येतं. मी घाबरून घासणंच कमी केलं तर आणखी सुजल्या. मऊ ब्रश घ्या, पण घासा.

मूळ प्रश्नकर्ती
दोघींचे आभार, आज झोप लागेल. क्लिनिकला फोन केला. ते म्हणाले या, आतलं साफ करून पक्कं भरू, कॅप चौथ्या महिन्यानंतर. वेळ दुपारची मागून घेतली. गायनॅककडे उद्या जातेय, गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये टाकली आहेत. सासूबाई अजून फुरंगटलेल्या आहेत.

एकच राहिलं. त्या तात्पुरत्या सिमेंटला लवंगेसारखा वास येतो आणि कालपासून त्यानेच मळमळतंय. दुपारी खुर्चीत तोंड उघडं ठेवून तासभर कशी बसू? कुणी काय केलं होतं?