कापड किती आणलं, किती वापरलं याचा हिशोब कसा ठेवता?

निळीजांभळी:
नमस्कार मंडळी, क्विल्टिंग (कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवणं) करणाऱ्यांना एक प्रश्न. कापड आणलं की मी लगेच शीटमध्ये टाकते, तारीख, मीटर, पन्हा (कापडाची रुंदी), रंग, प्रिंटचं नाव, किंमत, फोटो सगळं. ती बाजू चोख आहे. घोळ होतो तो वापराच्या बाजूला. क्विल्ट पूर्ण झाली की तिची लांबी-रुंदी घेते, कुठलं कापड साधारण किती भागात आहे ते बघते आणि तेवढं वजा करते, पण शीट म्हणते गडद निळं अजून दोन मीटर आहे आणि कपाटात बघावं तर मीटरभर पण नाही. असं जवळजवळ प्रत्येक कापडाचं. पुढची क्विल्ट शीट बघून ठरवायची म्हटलं तर भरवसाच वाटत नाही आणि मग पुन्हा तोच निळा आणला जातो. तुम्ही वापर कसा नोंदवता? आणि चिंध्यांचं काय करता, त्या मोजायच्या का सोडून द्यायच्या?

बेतकाम:
तुमचं कापड शिवणीत जातंय. तयार क्विल्टच्या मापात माया, म्हणजे शिवणीच्या आत जाणारी कड, येतच नाही ना. पाव इंच माया म्हणजे प्रत्येक तुकड्याचा लांबीत अर्धा आणि रुंदीत अर्धा इंच गेला, आणि तुकडा जेवढा लहान तेवढं जास्त जातं. १० इंची चौकोन शिवून साडेनऊचा होतो, जेमतेम १० टक्के कापड जातं. ५ इंचीमध्ये १९ टक्के. अडीच इंचीमध्ये थेट ३६ टक्के!

करूनच बघा हिशोब. ६० बाय ८० इंचांची क्विल्ट, शिवल्यावर २ इंचांचे होणारे चौकोन, म्हणजे १२०० चौकोन. ४४ इंची पन्ह्यात काठ सोडून ४२ इंच हाताशी येतात, एका पट्टीत अडीच इंची १६ चौकोन निघतात, म्हणजे ७५ पट्ट्या, म्हणजे साधारण पावणेपाच मीटर कापड. तुमच्या पद्धतीने याच क्विल्टचे २.९ मीटर येतील. तुमचे दोन मीटर तिथे आहेत.

शिवाय अस्तर आणि बाइंडिंग (कडेने लावायची पट्टी) वेगळं नोंदवता ना? याच मापाला चारी बाजूंनी ४ इंच जास्त ठेवून अस्तर घेतलं तर दोन पन्हे जोडून साडेचार मीटर लागतं, बाइंडिंगच्या अडीच इंची ७ पट्ट्यांना अर्धा मीटर. तुकडे मोठे असतील तर वरच्या भागापेक्षा अस्तरालाच जास्त कापड लागतं बऱ्याचदा, आणि नोंद करताना सगळे वरच्या डिझाइनकडेच बघतात.

सुईदोरा:
बेतकाम यांचं गणित बरोबर आहे पण मी म्हणेन एवढं गणित करूच नका. वापरलेलं मोजायच्या नादी लागलं की बेतताना वाया गेलेलं, वाकडं निघालेलं, चाचणीच्या ब्लॉकला (डिझाइनच्या एका चौकोनाला) लागलेलं सगळं निसटतं. त्यापेक्षा उरलेलं मोजा. कापून झालं, कापड परत कपाटात ठेवायचं, त्याच वेळी मोजायचं आणि शीटमधला जुना आकडा खोडून नवा टाकायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वापर, क्विल्टचं नाव शेजारी लिहा की झालं. क्विल्ट पूर्ण व्हायची वाट तर अजिबात बघू नका, कापणं आणि पूर्ण होणं यात कितीतरी महिने जातात आणि तेवढे दिवस शीट खोटं बोलत राहते.

आणि मोजायला टेप पसरायची गरज नाही. सगळ्या कापडांच्या घड्या एकाच रुंदीच्या पुठ्ठ्यावर घालायच्या, मग थर मोजले की लांबी कळते. ९ इंची पुठ्ठा असेल तर ४ थर म्हणजे ३६ इंच. थोडं इकडेतिकडे होतं पण पुढची क्विल्ट ठरवायला तेवढं पुरतं. पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला पेन्सिलने आकडा लिहून ठेवते मी, शीट उघडायचा कंटाळा आला तरी तो समोर दिसतो.

रफूवाली:
चिंध्यांबद्दल लिहिते. पाव मीटरपेक्षा कमी उरलं की शीटमध्ये मी ते संपलं असं लिहिते आणि तुकडा रंगाच्या डब्यात जातो. एकेक तुकडा नोंदवायला बसलात तर शिवायला वेळच राहणार नाही. डब्यात एकूण किती आहे ते हवं असेल तर वजन करा. क्विल्टिंगचं कॉटन बहुतेक १४० ते १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर असतं, म्हणजे ४४ पन्ह्याचा एक मीटर साधारण १६० ग्रॅम. तुमच्याच कापडाचा अख्खा मीटर एकदा काट्यावर ठेवून बघा म्हणजे नेमका आकडा मिळेल. फक्त फ्लॅनेल किंवा लिनन त्यात मिसळू नका, त्यांचं वजन वेगळं असतं.

निळीजांभळी:
खूप खूप आभार सगळ्यांचे! पावणेपाच आणि २.९ बघून डोक्यात प्रकाश पडला, माझ्या सगळ्या क्विल्ट लहान तुकड्यांच्याच आहेत. आता आहे ते सगळं कापड एकदा पुठ्ठ्यावर घेऊन आकडे नव्याने टाकते आणि पुढे उरलेलंच मोजत जाईन. एक विचारायचं राहिलं, मी कापड धुऊन ठेवते, तर धुण्याआधीचं माप लिहू का नंतरचं?

रफूवाली:
नंतरचं. कॉटन पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं, म्हणजे ३ मीटरमागे १०-१५ सेंटीमीटर गेले समजा. पन्हा पण थोडा कमी होतो, तोही परत मोजा. खरेदीचं माप वेगळ्या रकान्यात राहू दे, किंमत त्याच्याशी जोडलेली असते. आणि धुतलंय का नाही त्याचा एक रकाना हवाच, धुतलेलं आणि कोरं एकाच क्विल्टमध्ये गेलं तर पहिल्या धुण्यात एक आटतं, दुसरं नाही.

सुईदोरा:
अजून एक, फोटो काढता ते छानच, पण काठाचाही काढा. कंपनी, कलेक्शनचं नाव आणि रंगांचे ठिपके तिथेच छापलेले असतात, तोच निळा परत शोधायचा तर त्याचाच उपयोग. आणि तोच निळा नंतर आणलात तरी शीटमध्ये वेगळ्या ओळीत टाका, जुन्यात मिळवू नका, रंगाची खेप बदलली की छटा बदलते आणि दिव्याच्या उजेडात ते कळतही नाही.