कॉम्प्युटर सायन्ससोबत अर्थशास्त्र: लातूरच्या मोंढ्यातून

कॉम्प्युटर सायन्ससोबत अर्थशास्त्र घेणारा 'ना धड प्रोग्रामर, ना धड अर्थशास्त्री' राहतो, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या या जोडीला वेगळं काही मोजत नाहीत, इथपर्यंत कबूल. पण माझ्या भाच्याचं बघा. बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी त्याने अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरून लातूरची सोयाबीनची आवक आणि भाव उतरवून घेतले, पायथॉनमध्ये भावाचा अंदाज बांधणारं मॉडेल बसवलं. आलेख एकदम देखणा! ऑक्टोबरचे अंदाज मात्र सपशेल आपटले. आडतीवरच्या मुनीमाने कारण उभ्या उभ्या सांगितलं: परतीच्या पावसात भिजलेला माल, ओलावा १२ टक्क्यांच्या वर, म्हणून हमीभाव केंद्रावर घेत नाहीत. त्यात हरभऱ्याच्या पेरणीला पैसा हवा, मग शेतकरी मिळेल त्या भावात माल देऊन मोकळा होतो. भाच्याच्या डेटात ओलाव्याचा रकानाच नव्हता. कोणता रकाना राहून गेलाय हे शोधायची सवय इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातलं आकडेवारीचं शास्त्र, लावतं, कोडिंगच्या तासाला ते कुणी विचारत नाही.

आणि त्यासाठी पुण्या-मुंबईची महागडी जोडपदवीच हवी असंही नाही. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे. एक गावातल्या कॉलेजात, दुसरी इग्नूसारखी दूरशिक्षणातून, हे जमतं. फक्त अकरावी-बारावीला गणित सोडू नका. आपल्याकडे नीटच्या नादात पीसीबी घेऊन गणिताला रामराम ठोकणारी पोरं रग्गड, आणि पुढे गाडी नेमकी रिग्रेशनपाशी, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजायच्या गणितापाशी, अडते.