‘चेस’ला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचं की नाही?

रानवाट: ट्रॉम्बोन नाही, सॅक्सोफोन नाही. पितळी वाद्यं म्हणजे नुसते ट्रम्पेट, तेही चार. सोबत गिटार, बास, ऑर्गन, ड्रम आणि एक गायक. अमेरिकेतल्या या नऊ जणांच्या ‘चेस’ बँडचं नाव आपल्याकडे क्वचितच निघतं, आणि निघालंच तर ‘शिकागो बँडसारखा जॅझ-रॉक’ म्हणून विषय मिटवला जातो. मला हे अजिबात पटत नाही. बँडचा प्रमुख बिल चेस साठच्या दशकात वुडी हर्मनच्या बिग बँडमध्ये, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदात, मुख्य ट्रम्पेट वाजवायचा. १९७१ च्या पहिल्याच अल्बममधलं ‘गेट इट ऑन’ बिलबोर्डच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत गेलं. पण त्याच अल्बमवर ‘इन्व्हिटेशन टू अ रिव्हर’ ही चौदा मिनिटांची, पाच भागांची रचना आहे. पुढच्या वर्षीच्या ‘एनिआ’ या अल्बमची तर अख्खी एक बाजू ग्रीक देवांवर आहे आणि तिचे शब्द येलमध्ये अभिजात साहित्य शिकवणाऱ्या एरिक सीगल यांचे आहेत. याला प्रोग, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणायचं नाही तर कशाला?

कडक_चहा: लांबी आणि ग्रीक देव एवढ्यावर प्रोग ठरत असेल तर अवघड आहे. प्रोगमध्ये एक सांगीतिक कल्पना पुढे पुढे वाढत जाते, परत येते तेव्हा तिचं रूप बदललेलं असतं. ‘इन्व्हिटेशन टू अ रिव्हर’मध्ये मला वेगवेगळी गाणी एकापुढे एक ठेवल्यासारखी वाटतात. शिवाय त्याच अल्बमवर माइक डाबो यांचं ‘हँडबॅग्ज अँड ग्लॅडरॅग्ज’ सरळसोट गायलेलं आहे. मूळ पिंड बिग बँडचा, खाली रॉकचा ड्रम. आणि चारही ट्रम्पेट सतत वरच्या पट्टीत! खालचा भरणा करायला एक ट्रॉम्बोन तरी हवा होता. अर्ध्या तासात कान थकतो.

तिसरा_सूर: ट्रॉम्बोन नाही हेच तर त्यांचं बलस्थान आहे. मी स्वतः ट्रम्पेट वाजवतो म्हणून आवर्जून लिहितोय. ‘गेट इट ऑन’मधली ती जागा हेडफोन लावून ऐका. एक जण वरून खाली तान सोडतो, ती संपायच्या आत दुसरा तशीच उचलतो, लगेच तिसरा, मग चौथा. वाद्य एकच असल्यामुळे कोण कुठे थांबला आणि कोण कुठे सुरू झाला ते कळतच नाही, चौघांची मिळून एकच न तुटणारी ओळ तयार होते. मध्ये ट्रॉम्बोन आला असता तर सांधा लगेच ऐकू आला असता. त्या वेगात, त्या उंचीवर चौघांचे ओठ सारख्याच तयारीचे लागतात. एकाचा जरी दम कमी पडला तरी सगळं कोसळतं. खालची बाजू बास आणि ऑर्गन व्यवस्थित सांभाळतात.

कडक_चहा: वादनाच्या दर्जाबद्दल वाद नाहीच. माझा प्रश्न रचनेचा आहे.

रानवाट: रचनेचंच बोलतोय. इतर ब्रास-रॉक बँडमध्ये गायकाची ओळ संपली की ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, उत्तर देतं. ‘ओपन अप वाइड’मध्ये ट्रम्पेटच गाणं पुढे नेतात. जी जागा इतरत्र गिटारची किंवा कीबोर्डची, ती इथे ट्रम्पेटची. वाद्यवृंदाची उतरंडच बदलणं हा माझ्या लेखी प्रोगचा गाभा आहे.

निळी_कॅसेट: दोघंही १९७४ च्या ‘प्युअर म्युझिक’ या अल्बमबद्दल का बोलत नाही? गाणी नावापुरती, बहुतेक सगळं वाद्यसंगीत. तिथे या बँडला स्वतःची वाट सापडली असं मला मनापासून वाटतं. त्याच वर्षी ९ ऑगस्टला कार्यक्रमाला जाताना मिनेसोटातल्या जॅक्सनजवळ विमान कोसळलं. बिल चेस, कीबोर्डवादक वॉली योन, गिटारवादक जॉन एमा आणि ड्रमर वॉल्टर क्लार्क, चौघंही गेले. बिल चेस चाळिशीचाही नव्हता. या अल्बमवर गायलेला जिम पीटरिक पुढे ‘सर्व्हायव्हर’ हा बँड काढतो, आणि त्याच्या पहिल्या संचात बास आणि ड्रम चेसमधल्याच दोघांचे होते. सर्व्हायव्हरचं ‘आय ऑफ द टायगर’ सगळ्यांना पाठ, चेस मात्र कुणाला माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कडक_चहा: वाईट मलाही वाटतं. पण पुढे काय झालं असतं यावर बँडचं मोजमाप करू नये, हातात तीन अल्बम आहेत तेवढ्यावरच करावं. आणि ‘प्युअर म्युझिक’ माझ्याच बाजूने बोलतो. मोकळीक मिळाल्यावर हे लोक जॅझकडे वळले, रॉककडे नाही. उत्तम जॅझ-रॉक बँड म्हणा, मी तुमच्यासोबत आहे.

तिसरा_सूर: १९७४ पर्यंत कितीतरी प्रोग बँड जॅझकडे झुकलेच होते, ब्रिटनचा सॉफ्ट मशीनच घ्या. त्यांना कुणी यादीतून काढलं नाही. मग हा नियम चेसलाच का?

कडक_चहा: कारण सॉफ्ट मशीन तिकडे जाताना रचना मोडत, नव्याने जुळवत गेले. चेसमध्ये ती मोडतोड मला ऐकू येत नाही. ‘एनिआ’ची ती बाजू आज रात्री सलग ऐकतो. तुम्ही नेमका कुठला भाग पुरावा म्हणून धरता ते सांगा, म्हणजे त्यावरच बोलू.