बाहीवरच्या बुट्टीला कोणती फ्रेम?

मालवणहून प्रश्न: सिल्कच्या बाहीवर एम्ब्रॉयडरी मशीनने ७ सेंमीची बुट्टी काढतेय. फ्रेम (कापड ताणून धरायची रिंग) १३०×१८० मिमी. आउटलाइन भरावाला सोडून बाजूला पडते. धाग्याचं टेन्शन बघू का?

उत्तर: टेन्शनला हात लावू नका, १००×१०० लावा. डिझाइन मावेल ती सगळ्यांत लहान फ्रेम. मोठ्या फ्रेमीत मधलं कापड सुईसोबत वरखाली उडतं नि सरकतं. कापडाखालचा आधाराचा पेपरही फ्रेमीत धरा. स्क्रू आवळल्यावर कापड ओढायचं नाही. ओढलं तर फ्रेम काढली की ताण सुटतो, बुट्टीभोवती चुण्या.

दुसरं उत्तर: सिल्कवर रिंगचे वळ उठतात, रात्रभर तर फ्रेमीत मुळीच ठेवू नका. वेलवेट असेल तर फ्रेमीत फक्त पेपर, कापड वर कच्च्या टाक्यांनी धरायचं. आणि ताई, आपल्याकडच्या पावसात स्क्रू गंजतो, डाग थेट सिल्कवर! पुसून ठेवा.