चिनी काळा चहा : भाव बघून चव ठरवणाऱ्यांना उत्तर

तांबडा_घोट
काल इथे एका सदस्यांनी ठोकून दिलं : ‘चिनी काळ्या चहात जिन जुन मेइ एक नंबर. कीमुन पाणचट. युनान प्रांतातला दियानहोंग म्हणजे सोनेरी रंगाचा आसाम. भाव बघा, म्हणजे कळेल.’ प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी भावाचं. जिन जुन मेइ पहिल्यांदा बनला २००५ साली, फुजियानमधल्या वुयी डोंगरातल्या तोंगमु गावात. त्यात पान नसतं, नुसते कोंब; अर्ध्या किलोला ५०,०००हून जास्त कोंब लागतात. गाव संरक्षित जंगलात, लागवड वाढवायला जागा नाही आणि मागणी अख्ख्या चीनची. भाव चढणारच. त्यात या नावाने जो माल विकला जातो, त्यातला बराचसा तोंगमुचा नसतोच. मग तुम्ही नक्की कशाला एक नंबर दिलात?

आता कीमुन. आन्हुइ प्रांतातल्या छीमनमध्ये पूर्वी हिरवा चहा व्हायचा, काळा सुरू झाला १८७५च्या सुमारास. पत्ती बारीक, काळीभोर, पिळदार. वाडगा उकळत्या पाण्याने गरम करा, पाणी ओतून द्या, कोरडी पत्ती आत टाकून झाकण ठेवा. थोड्या वेळाने झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूचा वास घ्या. आधी मनुका, मग गुलाबाकडे झुकणारा वास, मागे कोकोचा कडसरपणा. गुलाबातलं जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य या चहात भरपूर असतं, त्यामुळे हे मनाचे खेळ नव्हेत. मोठ्या मगात चिमूटभर टाकून, वर दूध ओतून पाणचट म्हणणं हा त्या पत्तीवर अन्याय आहे.

शांघायवाला_सोलापूरकर
जिन जुन मेइबद्दल सहमत. पण ‘सोनेरी आसाम’ हे वाक्य तुम्ही नुसतं उद्धृत करून सोडून दिलंत, खोडलं नाहीत. दियानहोंगच्या वाट्याला नेहमी हेच येतं.

झाड आसामच्या जातीचं, मोठ्या पानाचं, हे खरं. पण चहा म्हणजे नुसतं झाड नाही. जपानशी युद्ध पेटल्यावर पूर्वेकडचे चहाचे प्रांत धोक्यात आले, तेव्हा १९३८मध्ये चहातज्ज्ञ फंग शाओछिउ युनानात गेले आणि फंगछिंगला काळा चहा उभा राहिला. परकीय चलनाची गरज होती, माल हाँगकाँगमार्गे बाहेर जायचा. सोनेरी रंग कोंबावरच्या लवेचा असतो, मुलामा नव्हे. भाजलेलं रताळं, मध आणि शेवटी जिभेवर काळी मिरी. आसामचा बहुतेक माल आज यंत्रात दाणे करून दुधासाठी बनतो, त्याच्याशी तुलना कशी होणार?

आणि इथे शांघायला राहून एक राग साठलाय तो सांगतोच. भेटीचे डबे! लाल मखमल, चुंबकाचं झाकण, आत चिमूट-चिमूट चहाच्या पुड्या. असाच एक महागडा कीमुन मला मिळाला होता. झाकण उघडताच जुन्या कपाटाचा वास. चहा मोकळा घ्यावा, दुकानात बसून चाखून घ्यावा. पैसे पत्तीला द्यायचे, पुठ्ठ्याला नाही.

तांबडा_घोट
डब्यातल्या शिळ्या चहावरून कीमुन जोखू नका. दियानहोंगची मिरी मान्य, तेवढी देतो तुम्हाला. पण चहा एकसुरी. पहिल्या घोटात जे कळतं तेच शेवटपर्यंत.

शांघायवाला_सोलापूरकर
एकसुरी? त्याच पत्तीवर पाचव्यांदा पाणी ओतलं तरी रंग देतो तो. तुमचा कीमुन तिसऱ्यालाच थकतो.

चुलीचा_धूर
दोघेही लापसांगला, धुरावरच्या चहाला, सोयीस्कर विसरलात. काळ्या चहाची सुरुवातच तोंगमुची मानतात, आणि ती पाइनच्या धुरावर वाळवलेल्या पत्तीची. आमच्या आजीच्या चुलीवरच्या दुधाला जो धूर लागायचा, त्याच्या जवळ जाणारं मला दुसरं काही मिळालेलं नाही. तुम्हाला गुलाब हवा असेल तर अत्तर घ्या.

तांबडा_घोट
बाजारातलं बरंचसं लापसांग म्हणजे सामान्य पत्तीला दिलेला डांबरासारखा धूर. तोंगमुतली मंडळी धुराविनाही तोच चहा करतात, तो पिऊन बघा, मग बोला.

बोअरच्या_पाण्यावर
मंडळी, आमच्याकडे लातुरात तुमचे चारही चहा सारखेच लागतात. बोअरचं पाणी. कप भरला की वर मळकट तवंग धरतो, खाली रंग काळपट आणि वास गायब. पुण्याहून चांगला कीमुन मागवला होता, तोही असाच वाया गेला. कोंब की पान यावर भांडताय, पाण्यावर कोणीच बोलत नाही.

तानसा_वैतरणा
हे प्रत्येक धाग्यात पाण्याचं रडगाणं कशाला? आरओ लावा, विषय संपला.

बोअरच्या_पाण्यावर
रडगाणं? तुम्ही नळ उघडता आणि तलावाचं मऊ पाणी येतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर कधी येईल यावर घरातली कामं ठरतात. आरओमध्ये जेवढं पाणी गाळलं जातं, त्याहून जास्त मोरीत जातं. ते कोणी परवडवायचं? आणि आरओच्या पाण्यात चहा मुळमुळीत होतो, क्षार अजिबात नसले तरी चव उठत नाही. आठव्या शतकात चिनी चहापंडित लु युने लिहून ठेवलंय : डोंगराचं पाणी उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं शेवटचं. चहाच्या बाबतीत चिनी लोक पाण्याला इतकं मानतात आणि तुम्ही मला गप्प बसवताय!

तानसा_वैतरणा
गप्प बसवत नाहीये. धागा चहाचा आहे, एवढंच म्हणणं.

शांघायवाला_सोलापूरकर
चहात पत्तीपेक्षा पाणीच जास्त असतं, ते बरोबर बोलतायत. सोलापूरला घरी दियानहोंग नेला तेव्हा आई म्हणाली, ‘हा कसला रे चहा, गढूळ?’ इथे तीच पत्ती लालबुंद उतरते. नंतर शेजारच्या दुकानातून पाण्याचा जार आणला, त्यात मात्र मध लागला. लातूरकर, तुम्ही क्षार कमी असलेल्या जारच्या पाण्यात करून बघा, घरी आरओ लावायला नको.

चुलीचा_धूर
लापसांग बोअरच्या पाण्यातही लापसांगच लागतं. धूर दबत नाही.

बोअरच्या_पाण्यावर
हे मात्र खरं निघालं तर मी आजपासून तुमच्या बाजूला.

तांबडा_घोट
म्हणजे चहा चांगला की वाईट हे आता बोअर ठरवणार? तुलना करायची तर नीट करू. चहा चाखणारे १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी आणि झाकण ठेवून ६ मिनिटं असं प्रमाण धरतात. सगळ्या चहांना एकच पाणी, एकच भांडं. त्याच मापात कोंबांचा चहा, मोठ्या पानाचा आणि कीमुन शेजारी ठेवा.

शांघायवाला_सोलापूरकर
६ मिनिटं हे व्यापाऱ्यांचं मोजमाप, चहातले दोष उघडे पाडायला. पिणारा माणूस असा चहा करत नाही. छोट्या वाडग्यात ५ ग्रॅम, काही सेकंदांत गाळायचा, पुन्हा पाणी. तिथे तुमचा कीमुन आणि माझा दियानहोंग समोरासमोर येऊ दे. दिवाळीला येतोय, फंगछिंगची पत्ती मोकळी, कागदात बांधून आणतो. पाणी लातूरकरांनी निवडायचं.

बोअरच्या_पाण्यावर
चालेल. आणि तानसावाल्यांनी कप धुवायला यावं.